मदत हवी आहे : पेशंटजवळ राहणाऱ्या मावशीला सुई टोचली, पांढऱ्या काविळीची भीती

माझी आई ब्युरोतर्फे (पेशंटजवळ राहायला बायका पुरवणारी एजन्सी) पेशंट सांभाळते. परळ-दादरच्या खासगी हॉस्पिटलांत, बहुतेक रात्रपाळी. स्पंजिंग, डायपर, युरिन बॅग, उलटी पुसणं सगळं तिच्याकडेच. पण ती स्टाफ नाही, म्हणून स्टाफला लस देतात तेव्हा तिला कुणी विचारत नाही. ब्युरोवाले हॉस्पिटलकडे बोट दाखवतात, हॉस्पिटल ब्युरोकडे.

परवा रात्री तिच्या सोबतच्या मावशींना चादर बदलताना सुई टोचली. शुगर तपासायची, गादीच्या कडेला राहिलेली. त्यांनी बोट पिळून रक्त काढलं, हळद दाबली आणि पाळी पुरी केली. सांगितलं तर काम जाईल ही धास्ती. पेशंटला हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ आहे हे सकाळी कळलं. आता बाकीच्या बायका मावशींचा डबासुद्धा बाजूला ठेवायला लागल्यात, याचा मला फार त्रास होतोय.

उशीर झालाय का? कुठे न्यावं? आणि आईने लस घ्यायची तर आधी तपासणी लागते का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
ताई, आजच्या आज न्या. केईएम, नायर, सायन, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत ‘पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली’ असं स्पष्ट सांगा. लसीचा पहिला डोस २४ तासांत मिळाला तर उत्तम, पण नंतरही देतात. आधी लस घेतलेली नसेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं, तेही ७ दिवसांच्या आत. एचआयव्हीच्या गोळ्या लागणार असतील तर त्या ७२ तासांतच सुरू व्हाव्या लागतात, म्हणून उद्यावर ढकलू नका. काविळीचं झाडपाल्याचं औषध या सगळ्याला पर्याय नाही.

पुढे कधी टोचलं तर बोट पिळायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. सांडलेलं रक्त वाळलं तरी विषाणू ७ दिवस जगू शकतो, म्हणून ते पुसतानाही ग्लोव्हज हवेतच.

डबा खुशाल एकत्र खा. एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, हात धरल्याने हा आजार होत नाही.

आईची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का ते सांगणारी रक्ताची) तपासणी करून घ्या. बाळांना ही लस देशभर २०११ पासून मिळते, आईच्या वयाच्या बायकांना ती मिळालेलीच नसते. निगेटिव्ह आली की ३ डोस : आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. तिसरा बहुतेकजणी विसरतात, तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.