शब्दचर्चा: आलेखातल्या मोकळ्या जागेला काय म्हणावे?

पागोळी

आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. सातवीची मुले रोज सकाळी साडेआठला पाणी मोजतात, वहीत मिलिमीटर लिहितात आणि मग स्प्रेडशीटमध्ये भरतात. रविवारी शाळा बंद, म्हणून रविवारचा सेल मोकळा राहतो. परवा आलेख काढला तर रविवारी रेषा थेट तळाला गेलेली. एक मुलगी म्हणाली, "बाई, रविवारी पाऊस नव्हता? मी तर देवळातून येताना चिंब भिजले होते."

तिला काय सांगायचे ते मला कळते. अडते आहे ते शब्दापाशी. आलेखाखाली एक ओळ लिहायची आहे: "जिथे ____ आहे तिथे मोजमाप झालेले नाही." त्या जागी शून्य बसणार नाही, एवढे नक्की. रिकामे, कोरे, निरंक, खंड यांपैकी काय लिहू? मुलांना आणि त्यांच्या पालकांना लगेच समजेल असा शब्द हवा.

टाक

पागोळीताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

आधी "शून्य" बाजूला ठेवू. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ रिकामेपणाचाच. आपले "सुने" आणि "सुन्न" त्याच घरातले. पण ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये शून्याची बेरीज-वजाबाकी नियमांत बसवली, तेव्हापासून ते इतर अंकांच्या पंगतीत बसले आहे. आता शून्य म्हणजे मोजून आलेले उत्तर. जुन्या पिढीच्या तोंडी त्यालाच "पूज्य" असे, "एकावर पूज्य दहा". पूज्यसुद्धा लिहावे लागते. न लिहिलेली जागा पूज्य होत नाही.

"कोरे" मला आवडतो, पण त्याचा ओढा न वापरलेल्या, नव्याकोऱ्या वस्तूकडे आहे. कोरा कागद, कोरी नोट, कोरे लुगडे. शिवाय "सातबारा कोरा" म्हटले की शेतकऱ्याच्या मनात कर्ज उरले नाही हेच येते, म्हणजे बाकी शून्य! पालक शेतकरी असतील तर ही छटा आड येईल.

"रिकामे" त्यापेक्षा बरे. डबा रिकामा म्हणजे त्यात काही असू शकले असते. गणिताच्या पुस्तकातला "रिक्त संच" त्याचाच भाऊ. पण जागा रिकामी का आहे, हे तो शब्द सांगत नाही.

दप्तरी

माझी नोकरी तक्ते गोळा करण्यात गेली, म्हणून "निरंक"बद्दल लिहितो. या शब्दाची फोड निर् + अंक, अंक नसलेले. फोडीवरून पाहिले तर मोकळ्या सेलसाठीच जन्मलेला शब्द वाटतो. पण कचेरीत तो तसा चालत नाही. "निरंक अहवाल" म्हणजे अहवाल आला, त्यावर सही आहे, आणि सांगण्यासारखे काही घडले नाही असे त्यात म्हटले आहे. ज्या गावाचा कागदच आला नाही, त्याच्यापुढे "अप्राप्त" लिहितात. नव्या माणसाने अप्राप्त गावांपुढे निरंक लिहिले की घोटाळा झालाच. पाणी साचलेल्या गावाचा कागद रस्ता बंद असल्यामुळे येत नाही, आणि तक्त्यात मात्र तिथेच "नुकसान निरंक" दिसते. सर्वांत जास्त मदत लागणारी गावे अशी तक्त्यातून पुसली जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून कळकळीने सांगतो, मुलांच्या आलेखात निरंक नको.

पागोळी

दप्तरीकाका, मनापासून आभार. हे वर्गात सांगणार आहे. मग "खंड" कसा वाटतो? "नोंदीत खंड" असे ऐकायलाही बरे वाटते.

टाक

एरवी चालला असता. तापमानाच्या किंवा हजेरीच्या आलेखात बिनधास्त वापरा. पावसाच्या आलेखात मात्र नको. "पावसाने खंड दिला" म्हणजे पाऊस पडला नाही. तुम्ही "इथे खंड आहे" लिहिले की वाचणारा शेतकरी ते दिवस कोरडे गेले असेच समजणार. नेमका तोच गैरसमज तुम्हाला टाळायचा आहे.

पाटीपेन्सिल

घरातला शब्द कसा काय कोणी घेतला नाही? खाडा! दुधाचा खाडा, पेपरचा खाडा, कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा. कॅलेंडरवर आपण तारखेवर फुली मारतो तो. सातवीतल्या मुलाला एक अक्षरही समजावून सांगावे लागणार नाही.

दप्तरी

शब्द झकास आहे, पण एक शंका. दुधाच्या खाड्याला त्या दिवशीचे दूध शून्यच धरतो ना? महिनाअखेरीला त्या दिवसाचे पैसे देत नाही. मग खाडा म्हणजे पुन्हा शून्यच झाले.

पाटीपेन्सिल

आपल्या हिशेबात शून्य, बरोबर. पण खाडा कोणाचा, ते पाहा. म्हैस त्या दिवशीही दूध देतेच, ते आपल्या पातेल्यात आले नाही इतकेच. खाडा येणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा असतो. इथे पाऊस पडायचा तसा पडला, मोजणारे आले नाहीत. खंड पावसाचा, खाडा आपला. म्हणून "नोंदीचा खाडा" असे दोन शब्द मिळून लिहा, "पावसाचा खाडा" नको.

चौकटराजा

मी भाषेतला नाही, स्प्रेडशीटमधला आहे, पण इथे दोन्हींचा संबंध आहे म्हणून लिहितो. पागोळीताई, सेल खरोखर मोकळा असता तर एक्सेलने रेषालेखात आपणहून तुटक जागा ठेवली असती. रेषा तळाला गेली, याचा अर्थ तुम्ही मुलांच्या शीटवरून दुसऱ्या शीटवर "बरोबर" चिन्ह (=) देऊन आकडे आणले असावेत. तसे केले की मोकळ्या सेलचा 0 होतो. तो चुकवायला लोक "इफ" हे अटीचे सूत्र लावून, मधे काही न लिहिता दोन अवतरणचिन्हे टाकतात. सेल दिसायला मोकळा दिसतो, पण आत अक्षरांची एक रिकामी माळ बसलेली असते आणि आलेख तिलाही शून्यच समजतो. गंमत म्हणजे सेल मोकळा आहे का ते तपासणाऱ्या "इजब्लँक"ला विचारले तर हा सेल मोकळा नाही म्हणते, आणि "काउंटब्लँक" त्यालाच मोकळ्यांत मोजते. एकाच प्रोग्रॅमला मोकळे म्हणजे काय हे दोन ठिकाणी वेगळे वाटते, तर आपण इथे चर्चा करतो त्यात काही गैर नाही.

अशा ठिकाणी अवतरणचिन्हांऐवजी एनए(), म्हणजे "आकडा उपलब्ध नाही" असे सांगणारे सूत्र द्या. तिथे ठिपका काढला जात नाही. रेषालेखात मात्र शेजारचे दोन ठिपके सरळ रेषेने जोडले जाऊ शकतात. नव्या एक्सेलमध्ये एनए हा मोकळा सेल समजावा अशी खूण करता येते. सिलेक्ट डेटा उघडून हिडन अँड एम्प्टी सेल्समध्ये गेलात की तीन पर्याय दिसतील: जागा सोडा, शून्य धरा, रेषेने जोडा. लिब्रऑफिस कॅल्कमध्येही हेच तीन आहेत. पावसासाठी तिसरा कधीच घेऊ नका. शनिवारी 34 आणि सोमवारी 20, म्हणून रविवारी 27 असे पाऊस वागत नाही.

आणि खरे तर रोजच्या पावसाला रेषा नकोच, स्तंभालेख हवा. पण तिथे तुमचा प्रश्न आणखी अवघड होतो. स्तंभालेखात 0 मिलिमीटर आणि मोकळा सेल, दोन्हीकडे स्तंभ नाही. दोन्ही अगदी सारखे दिसतात. रेषा निदान तुटलेली दिसते. म्हणून स्तंभालेखात शब्द लिहिणे भागच आहे, तारखेखालीच.

टाक

एक विचारतो, चौकटराजा. रविवारी पर्जन्यमापकातले पाणी कुठे जाते?

चौकटराजा

अरे! कुठेच जात नाही. बाटलीत साचून राहते. म्हणजे सोमवारी मुले मोजतात ते दोन दिवसांचे पाणी. हे माझ्या लक्षातच आले नव्हते, आणि याने सगळे गणित बदलते.

समजा आठवडा असा आहे: गुरुवार 12, शुक्रवार 0, शनिवार 34, रविवार मोकळा, सोमवार 20, मंगळवार 6, बुधवार 0. बेरीज 72. "अ‍ॅव्हरेज" मोकळा सेल सोडून देते, म्हणून 72 ला 6 ने भागून 12 देते. पण सोमवारच्या 20 मध्ये रविवारचे पाणी आहे, तेव्हा भागायचे 7 ने, म्हणजे सरासरी साधारण 10.3. उलट रविवारी मांजराने बाटली उलटी केली असती आणि पाणी सांडून गेले असते, तर 6 ने भागणेच रास्त. सेल दोन्ही वेळा तितकाच मोकळा, पण उत्तरे दोन.

टाक

म्हणजे आपल्याला एक नव्हे, दोन शब्द हवेत. पाणी सांडले, पात्र फुटले, आकडा कायमचा गेला, त्याला "नोंद हुकली" म्हणू. आणि रविवारी नोंदीचा खाडा झाला, पण पाणी सोमवारच्या आकड्यात आले, त्या सोमवारच्या आकड्याला "साचीव" म्हणू. साचीव पाणी हा शब्द आपण वापरतोच. शुक्रवार आणि बुधवार तर साधे सरळ शून्य आहेत, मुलांनी बाटली उघडली आणि ती कोरडी होती. तिथे सेल मोकळा ठेवायचा नाही, ठसठशीत 0 लिहायचा.

दप्तरी

आणि पुढच्या आठवड्याच्या तारखा आधीच आखून ठेवल्या असतील तर त्या सेलना यांपैकी काहीच म्हणू नका. तो दिवस अजून उगवलेलाच नाही.

पागोळी

आज वर्गात फळ्यावर सगळे मांडले. "खाडा" म्हणताच वर्ग हसला, सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर फुल्या आहेत. आलेखात रविवारच्या तारखेखाली आता फुली आहे. तळाला ओळ लिहिली: "फुली म्हणजे नोंदीचा खाडा. त्या दिवशी पाऊस पडला असेलही. त्याचे पाणी पुढच्या दिवसाच्या साचीव आकड्यात आहे." सोमवारच्या स्तंभाला मुलांनी वेगळा रंग दिला आणि वर "र + सो" लिहिले.

चिंब भिजलेल्या मुलीने मात्र दुसराच तोडगा काढला आहे. तिचे घर शाळेला लागून आहे. येत्या रविवारी साडेआठला ती आईला घेऊन येणार आहे, आवाराची किल्ली शिपाईकाकांनी तिच्या आईकडे ठेवली आहे.