'व्हॅलिडेशन'ला पडताळणी म्हणावं की वैधता? (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्रामसाठी)

वऱ्हाडी पोट्टा: गावातल्या पोरांले पायथन शिकवून राह्यलो, कापसाचा ओलावा विचारणारा लहानसा प्रोग्राम आहे, सीसीआय (कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ) १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की घेत नाही म्हणून तोच विषय घेतला. चुकीचं टाइप केलं की स्क्रीनवर 'अवैध इनपुट' येते, तं पोट्टे हासतेत, म्हणे अवैध तं रेती रायते नाहीतं दारू. मंग व्हॅलिडेशनले, म्हणजे टाकलेलं चालते का हे पाहाले, म्हणू काय?

फॉर्म भरणारी: पडताळणी म्हणा की. जात पडताळणी समिती आहेच ना, आणि तिथूनच जात वैधता प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे काम करायचं ते पडताळणी आणि हातात येते ती वैधता. बोलताना मात्र सगळे 'व्हॅलिडिटी काढली का' असंच विचारतात.

जुना मास्तर: मला नाही पटत. पडताळणीला समोर काहीतरी लागतं, दाखला, जुनी नोंद, गणितात ताळा करतो तसं एकाशी दुसरं जुळवून पाहायचं. समितीसमोर कागद असतात, तुमच्या प्रोग्रामसमोर काय आहे? खरा ओलावा १४ असताना एखाद्याने ९ टाकले तर तो मुकाट्यानं घेईल. ही नुसती तपासणी झाली, टाकलेलं कामाचं आहे का एवढीच. आणि १४ टाकलं तर तेही 'चुकीचं इनपुट' नाही बरं, आकडा बरोबर आहे, कापूस ओला आहे. तिथे 'नाकारला' म्हणा. हे दोन मेसेज वेगळे ठेवा, बाकी शब्द कोणताही घ्या.

कोडवाला भाऊ: मास्तरांशी सहमत. पायथन ३ मधे इनपुट() नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरं, देतं, म्हणून आधी फ्लोट() नं त्याचा दशांश आकडा करा, ते ट्राय मधे (म्हणजे चूक झाली तरी प्रोग्राम बंद पडत नाही), आणि व्हॅल्यूएरर, म्हणजे आकडा न बनल्याची चूक, आली की परत विचारा. 'साडेनऊ' टाकलं की एरर, '९.५%' टाकलं की त्या टक्क्याच्या खुणेमुळे एरर, पण देवनागरीत '९.५' टाकलं तर चालते, करून पहा. इझडिजिट() (सगळे अंकच आहेत का ते पाहणारं) वापरू नका, त्याला दशांश चिन्ह चालत नाही, ९.५ ला पण नाही म्हणते. अन् एक भानगड, कोणी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण) इंग्रजी अक्षरात टाकलं तर फ्लोट() ते आनंदानं घेते. मग "शून्याहून कमी किंवा शंभराहून जास्त असला तर परत पाठव" अशी अट असली तर नॅन दोन्हीकडून सुटते, कारण त्याची कमी-जास्तची कोणतीही तुलना खोटीच निघते. अट उलटी लिहा, शून्य ते शंभरमधे असला तरच घे.

वऱ्हाडी पोट्टा: हे नॅनचं मले मालूमच नव्हतं बाप्पा. आता असं केलं: आकडा नसला तं 'फक्त आकडा टाका, जसं ९.५', शून्य ते शंभरच्या बाहेर गेला तं 'एवढा ओलावा असत नाही', अन् १२ च्या वर असला तं 'कापूस वाळवून आणा'. धड्याचं नाव 'इनपुट तपासणी'.

फॉर्म भरणारी: तिसरा मेसेज बेस्ट 😄