गोळी चढतच नाही, डीबीएस करावं का? (पार्किन्सन, इंदूर)

रामबागवाला
वडील, वय 66, आजाराला आठ वर्षं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची 110 वाली गोळी (100 अधिक 10) दिवसातून पाचदा: 7, 10, 1, 4 आणि रात्री 8. सातची 40 मिनिटांत चढते, म्हणजे असर दिसू लागतो. दहाची उसळ-पोहे आणि दुधाबरोबर, एकची वरण-भात-दह्याबरोबर. या दोन कधी दीड तासाने चढतात, कधी चढतच नाहीत. मळमळ रोजची. उजव्या हाताला कंप, शिवाय दारात पाय जमिनीला चिकटतात. मुंबईच्या डॉक्टरांनी डीबीएस (मेंदूत तार बसवून करंट देण्याचं ऑपरेशन) सुचवलंय. इथले ओळखीचे म्हणतात, अल्ट्रासाउंडवालं बिनचिऱ्याचं करा. काय धरावं?

औषधी_मात्रा
ऑपरेशनचं नंतर. सातची रिकाम्या पोटी जाते म्हणून चढते, बाकीच्या ताटात अडकतात. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला जे वाहक लागतात, तेच डाळ-दुधातल्या अमिनो आम्लांनाही लागतात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. नुसते पोहे चालून जातात, उसळ आणि वर दुधाचा पेला नाही.

गोळी जेवणाआधी 45 मिनिटं, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पाण्याबरोबर. दूध, दही, पनीर, घट्ट वरण रात्रीच्या जेवणात हलवा. प्रथिनं बंद करू नका, या वयात वजन उतरलं तर दुसरंच दुखणं मागे लागतं. फक्त वेळ बदला. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर. बद्धकोष्ठही बघा.

मळमळीचं गणित तर सरळ आहे. 5 गुणिले 10, म्हणजे दिवसाला कार्बिडोपा 50 मिग्रॅ. लेव्होडोपाचं डोपामिन (हालचालीसाठी मेंदूला लागणारं रसायन) मेंदूबाहेरच होऊन मळमळू नये यासाठी साधारण 70 ते 100 लागतं. 100 अधिक 25 ची गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मेंदूत जास्त औषध पोचून अंग वळवळू लागलं तर मात्रा तेच उतरवतील. मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड अजिबात नको, ते मेंदूतलं डोपामिनच अडवतं.

आणि कोणी खाजकुइलीचं चूर्ण दिलं असेल तर ते लपवू नका. त्यातही लेव्होडोपाच असतं, मात्र किती ते पुडीगणिक बदलतं.

डीबीएस_प्रोग्रामिंग
वरचं दोन-तीन आठवडे नीट करा आणि शेवटचे तीन दिवस दर अर्ध्या तासाची नोंद ठेवा: चालू (गोळी चढलेली), बंद (उतरलेली), वळवळ. ही वही नसेल तर डीबीएसचा निर्णय अंदाजपंचे होतो.

मग लेव्होडोपा चाचणी. रात्रभर, साधारण 12 तास, औषध बंद. सकाळी हालचालींचे गुण मोजतात, नेहमीपेक्षा थोडी मोठी मात्रा देतात, तासाभराने पुन्हा मोजतात. 46 वरून 24 वर आले तर सुधारणा 48 टक्के. 30 टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक ठिकाणी पुढे जात नाहीत. कंप सोडला तर जे गोळीने सुटत नाही ते तारेनेही सुटत नाही. म्हणून एकच गोष्ट नक्की बघा: दारात पाय चिकटतात ते गोळी चढलेली असताना की उतरल्यावर? चढलेली असतानाही चिकटत असतील तर त्यासाठी ऑपरेशन नको; उंबऱ्याआधी जमिनीवर रंगीत पट्ट्या आणि फिजिओथेरपी जास्त कामाची.

झालंच तर काम टाक्यांनी संपत नाही. करंट साधारण 3-4 आठवड्यांनी सुरू करतात, बहुधा 130 हर्ट्झ आणि 60 मायक्रोसेकंदांपासून, आणि नीट बसायला काही महिने लागतात. तेवढ्या अवंतिका एक्सप्रेसने इंदूर-मुंबई फेऱ्या धरून चला. साधी बॅटरी 3-5 वर्षं. फिजिओथेरपिस्टला सांगून ठेवा, शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीच नाही: तार तापून मेंदूला इजा होते. मेंदूतल्या लहरी वाचून करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी 2025 मध्ये परवानगी मिळाली, पण त्यालाही रुग्ण आधी योग्यच लागतो.

कंपवात_एमआरआय
अल्ट्रासाउंडवालं बिनचिऱ्याचं खरं, पण जाळणं ते जाळणंच. 1024 ट्रान्सड्यूसरांच्या (ध्वनिलहरी सोडणारे भाग) लाटा मेंदूतल्या एका ठिपक्यावर एकवटून तिथलं तापमान 55-60 अंशांवर नेतात. डीबीएस बंद करता येतं, हा ठिपका परत येत नाही. डोकं पूर्ण भादरावं लागतं. कवटीच्या घनतेचं गुणोत्तर 0.4 च्या खाली असेल तर उष्णता पुरेशी पोचत नाही. सीटी आधी त्यासाठीच. सहसा एकच बाजू करतात. तुमचं मुख्य दुखणं गोळी चढ-उताराचं आहे. उजव्या हाताचा कंप एवढंच असतं तर मी हेच आधी सुचवलं असतं.

रामबागवाला
दारातलं आज पाहिलं: सकाळी 8 ला, गोळी चढलेली असताना दोनदा चिकटले. कंप मात्र तेव्हा गेलेला. दूध आजपासून रात्री. बाहेरगावी पैसे भरून मूळ पेशी (स्टेम सेल) टोचतात, त्याचं काय?

कंपवात_एमआरआय
नको. पेशींचे दोन अभ्यास एप्रिल 2025 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आले. दोन्ही छोटे, सुरक्षितता तपासणारे. भारतात पार्किन्सनसाठी पेशी चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. बिल आलं की उठा.

डीबीएस_प्रोग्रामिंग
गोळी चढून 50 मिनिटं झाल्यावर दारातला व्हिडिओ काढा, बंद अवस्थेतला दुसरा. दोन्ही मुंबईला न्या, वहीसकट.