मेटास्प्लॉइटेबल स्कॅन केलं आणि म्हणे पेंटेस्टर झालो!

खडूस_ॲडमिन:
परवा इथे एका पोराची पोस्ट वाचली आणि दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं. व्हर्च्युअलबॉक्सवर (लॅपटॉपातच दुसरं मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) मेटास्प्लॉइटेबल २ टाकलं, काली या हॅकिंगच्या लिनक्सवरून ओपनव्हास हा भोकं शोधणारा स्कॅनर चालवला, रिपोर्टात लालच लाल, म्हणजे गंभीर भोकं, आणि खाली काय तर "एका रात्रीत अख्खा सर्व्हर फोडला, आता पेंटेस्टिंगचे इंटरव्ह्यू द्यायला घेतोय." (पेंटेस्टिंग म्हणजे परवानगी घेऊन सिस्टम फोडून बघायचं काम.) अरे बाबा, ते मशीन फुटायलाच बनवलंय. उबुंटू ८.०४ मध्ये मुद्दाम भोकं पाडून रॅपिड७ ने २०१२ मध्ये वाटलेलं, लॉगिन एमएसएफॲडमिन, पासवर्डही तोच. १५२४ पोर्टला नेटकॅट (पोर्टला थेट जोडणारं टूल) लावला की काही न विचारता रूट, म्हणजे सगळे अधिकार, मिळतं. दार नसलेल्या घरात शिरलास आणि घरफोडीचा अनुभव सांगतोयस.

बरं, रिपोर्टात व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा एफटीपी सर्व्हर लाल दिसला ना? मग पुढे काय केलंस? २०११ मध्ये त्याच्या डाउनलोडमध्ये कुणीतरी बॅकडोअर, म्हणजे चोरदार, घुसडलं होतं, युजरनेमच्या शेवटी :) टाकलं की ६२०० पोर्टवर शेल (कमांड द्यायची जागा) उघडतो. टर्मिनलच्या एका खिडकीतून २१ ला (एफटीपीचं पोर्ट) टेलनेट कर, यूजर म्हणून काहीही आणि पुढे तो हसरा चेहरा, पासवर्ड "भेंडी" टाकलास तरी चालतं, ती खिडकी तशीच लटकून राहील. दुसऱ्या खिडकीतून ६२०० ला नेटकॅट. प्रॉम्प्ट येत नाही, नुसती कोरी ओळ, निम्मी जनता इथेच कंट्रोल सी मारते. आयडी (id, मी कोण हे सांगणारी कमांड) टाइप करून एंटर मार, यूआयडी ०, म्हणजेच रूट. हे स्वतःच्या हाताने बघितलंस तर स्कॅनरच्या लाल रंगाचा अर्थ कळेल, नाहीतर तो होळीचा रंग.

डबा_बांधून:
झालं का मोकळं? आता माझं ऐका. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात की नाही? का तुम्हाला आजोबांनी डायरेक्ट पुरात ढकललं होतं? पोरगं स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या व्हीएमवर शिकतंय. आमच्या बॅचचा एक शहाणा कॉलेजच्या सर्व्हरवर "प्रॅक्टिस" करायचा, आयटी कायद्याचं कलम ६६ उघडून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही हे वाचून दाखवलं तेव्हा थांबला. त्यापेक्षा हे हजार पटीने बरं. तुम्ही पहिलं स्कॅन कशावर मारलं होतं तेही सांगा की.

पतसंस्थेचा_पगारी:
खडूस यांच्याशी १०० टक्के सहमत, कारण हीच पोरं पुढे ऑडिटर होऊन आमच्या उरावर येतात. आमच्याकडे सेंटओएस ७ (रेडहॅटच्याच लिनक्सची फुकट आवृत्ती) होतं, त्यात अपाची २.४.६ हा वेब सर्व्हर. ऑडिटरने स्कॅन मारलं, १८० पानांची पीडीएफ मेल केली, वरचं टूलचं नाव झाकायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. मुद्दा काय तर "अपाची जुनं आहे, अपग्रेड करा". मी सांगतोय की रेडहॅट फिक्स मागे आणून जुन्याच व्हर्जनमध्ये टाकतं (बॅकपोर्ट म्हणतात त्याला), नंबर तोच राहतो, आरपीएम पॅकेजचा चेंजलॉग काढून एकेक सीव्हीई (भोकाचा अधिकृत नंबर) ग्रेप करून, म्हणजे शोधून, दाखवला. उत्तर काय आलं माहितीये? "सर, टूलमध्ये अजून दिसतंय." संचालक मंडळासमोर लाल पान नको म्हणून शेवटी मी सोर्सवरून नवं अपाची कंपाइल करून बसवलं. पान हिरवं झालं. आणि त्या दिवसापासून यम (yum, सेंटओएसचं अपडेट आणणारं टूल) अपडेटमधून अपाचीला एकही पॅच आला नाही, कारण ते आता यमच्या हिशेबातच नाही! सुरक्षित होतं ते असुरक्षित केलं आणि सर्टिफिकेट घेतलं.

रिपोर्ट_शेठ:
पगारी साहेब, मी ऑडिटवाला, त्यामुळे जरा झोंबलं. तुम्ही स्कॅनसाठी लॉगिन दिलं होतं का? नक्कीच नाही. ऑडिटरला रूट सोडा, साधा युजरसुद्धा मिळत नाही, "पॉलिसीत बसत नाही" म्हणे. मग बाहेरून स्कॅनर बॅनरच (सर्व्हर स्वतःहून सांगतो ते नाव आणि व्हर्जन) वाचणार ना, त्याला काय स्वप्न पडणार का तुम्ही आत पॅच लावलाय म्हणून? लॉगिन देऊन स्कॅन केलं की तो पॅकेजची खरी यादी बघतो आणि हे बॅकपोर्टचं रडगाणं बहुतेक संपतं. वर ४० सर्व्हर, ३ दिवस, आणि कोटेशन सगळ्यात कमी वाल्याचं. मेथीच्या जुडीसारखा भाव करायचा आणि मग म्हणायचं ऑडिटर कच्चा!

पतसंस्थेचा_पगारी:
अनोळखी पोराला, ज्याच्या लॅपटॉपवर काय काय आहे देव जाणे, त्याला मी खातेदारांच्या सर्व्हरचं लॉगिन देऊ? तुमच्या घराची किल्ली द्या आधी.

रिपोर्ट_शेठ:
टेंपररी युजर काढायचा, स्कॅन झालं की उडवायचा, पाच मिनिटांचं काम. पण ते येत असतं तर सोर्सवरून कंपाइल करून यम सोडून द्यायची अवदसा आठवली नसती. तो निर्णय तुमचा होता हां, ऑडिटरचा नाही.

पतसंस्थेचा_पगारी:
तोंड सांभाळून. तुम्ही ॲप्रायजलच्या तोंडावर १८० पानं अंगावर घेऊन बघा मग बोला.

फी_भरलेला:
दोघंही बरोबर आणि दोघंही चूक, खरा गुन्हेगार क्लासवाला. मी ६५ हजार भरले, "एथिकल हॅकिंग, शंभर टक्के प्लेसमेंट". तीन महिन्यांतला दीड महिना काली इन्स्टॉल करण्यात गेला, फीड (स्कॅनरची भोकांची यादी) सिंक होईपर्यंत सर चहाला जायचे ते परत यायचे नाहीत. प्रमाणपत्रावर माझं नाव चुकीचं, ते अजून दुरुस्त करून मिळालेलं नाही.

डबा_बांधून:
धागा मेटास्प्लॉइटेबलचा, पोचला पतसंस्थेत, आता प्रमाणपत्रावर. खडूस कुठे गेले? पहिल्या स्कॅनचं विचारलं होतं.

खडूस_ॲडमिन:
कुठे जातोय, आहे इथेच. सांगतो, हसा. पहिल्या नोकरीत नेसस नावाच्या स्कॅनरमध्ये "नेटवर्क प्रिंटरही स्कॅन करा" अशी एक टिक असते, ती मुद्दाम बंद दिलेली असते, मी हौसेने चालू केली. प्रिंटरचं ९१०० पोर्ट म्हणजे जे पाठवाल ते छापणार, स्कॅनरने विचारपूस केली की तीही छापणार. सकाळी अकाउंट्समध्ये जमिनीवर कागदांचा खच, प्रत्येक पानावर एक-दोन ओळी अगम्य, आणि आमच्या हेड अकाउंटंट मॅडम ते गोळा करून, पिन मारून, "कुणाचे आहेत" विचारत फिरत होत्या. मी म्हणलं, माझे नाहीत. म्हणजे हो, मीही डब्याशिवायच उडी मारली होती आणि नाकातोंडात पाणी गेलं होतं. व्हीएमवर मारलं असतं तर रिम वाचलं असतं. एवढं मान्य, याच्या पुढे एक इंच नाही.

रिपोर्ट_शेठ:
कबुलीजबाब नोंदवला. नवीन मुलासाठी एक कामाचं सांगतो, ओपनव्हासच्या रिपोर्टात क्यूओडी (निदान किती खात्रीचं, त्याचा आकडा) नावाचा कॉलम असतो, तो कोणी बघत नाही. नुसता बॅनर वाचून लावलेला अंदाज ८०, बॅनरवर भरवसा नसेल तर ३०, प्रत्यक्ष घुसून बघितलेलं १००. डिफॉल्ट फिल्टर ७० चा असतो, खालचं सगळं लपतं. लाल रंगाच्या आधी तो आकडा वाच.

पतसंस्थेचा_पगारी:
हे आमच्याकडे आलेल्या ऑडिटरला कोणी सांगितलं असतं तर! असो. शेठ, लॉगिनचा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये मांडून बघतो. मांडून बघतो म्हणलंय, देतो म्हणलं नाही.

लाल_रिपोर्टवाला:
नमस्कार, ती पोस्ट माझीच. दोन दिवस वाचतोय, आधी राग आला, मग ते :) करून बघितलं. कोरी ओळ आली आणि मी खरंच कंट्रोल सी मारला होता, पुन्हा केलं तेव्हा आयडी टाकल्यावर रूट आलं. रात्री दीडला आईला उठवून दाखवलं, ती म्हणाली बरं झोप आता. पण एक कळत नाहीये, साध्या एनमॅपला (पोर्ट शोधणारं टूल) २३ पोर्ट उघडे दिसतात, एका व्हिडिओत ३० आहेत, माझं व्हीएम बिघडलंय का?

खडूस_ॲडमिन:
बिघडलेलं नाही. साधं एनमॅप नेहमीचे १००० पोर्टच बघतं. मायनस पी मायनस (-p-) दे, ६५५३५ बघेल, मग ३६३२ वर डिस्टसीसी ही सर्व्हिस दिसेल, ८७८७ वर रुबीवाली दिसेल. तुझ्या लाल रिपोर्टात डिस्टसीसी आहे का ते बघ, नसेल तर पोर्ट लिस्ट कुठली लावली होतीस ते तपास. आणि तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये टार्गेटचा आयपी १९२.१६८.१.७ दिसतोय, म्हणजे व्हीएमचं नेटवर्क ब्रिज्ड (थेट घरच्या नेटवर्कला जोडलेलं) टाकलंयस, ते भोकांचं मशीन घरच्या वायफायवर उघडं बसलंय. आधी होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यातल्या व्हीएमपुरतं) कर, १९२.१६८.५६ चा आयपी मिळेल.

लाल_रिपोर्टवाला:
केलं दादा. ५६.१०१ मिळाला. पण आता कालीतून पिंगच जात नाहीये.

डबा_बांधून:
कालीला होस्ट-ओन्ली दिलंस का?

लाल_रिपोर्टवाला:
...तिलापण द्यायचं असतं?

खडूस_ॲडमिन:
हो. आणि फक्त कालीला नॅटचा (इंटरनेटसाठी) एक वेगळा अडॅप्टर ठेव, नाहीतर फीड येणार नाही. इंटरव्ह्यू कधी आहे म्हणालास?