टर्की मोकळ्यावर पाळायच्यात, खाद्याचा खर्च कसा आवरू?

माळावरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यात आमचा एकरभर कुंपणाचा माळ आहे. गावरान कोंबड्या आहेतच, आता टर्कीची ५० पिल्लं आणायचा विचार आहे. मका आणि सोयाबीन पेंडीचे भाव ऐकून हात आखडतो. शेजारच्या घाण्यावर शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळते, ती चालेल का? आणि कोंबड्यांतच सोडल्या तर?

पंखवाला
दादा, शेंगदाणा पेंडीचा नाद सोडा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की यकृत खराब होऊन मेल्या. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष निघालं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्या विषाचा शोधच त्या प्रकरणातून लागला. कोंबडी जेवढं पचवते तेवढं टर्कीला सोसत नाही. पावसाळ्यातला ओलसर मकासुद्धा त्याच कारणाने नको. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, कुबट वास आला की परत पाठवा.

कोंबड्यांत तर अजिबात सोडू नका. ब्लॅकहेड नावाच्या रोगाचे जंतू कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांतून मातीत उतरतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. कोंबडी धडधाकट दिसते, टर्की मात्र पिवळी हगवण लागून जाते. कोंबड्या कधीच न फिरलेला तुकडा टर्कीला द्या.

अंगणातली_ताई
भाऊ, पिल्लांच्या खाद्यात काटकसर करू नका. सुरुवातीला २८ टक्के प्रथिनं लागतात, ब्रॉयलर पिल्लांच्या पहिल्या दिवसांच्या खाद्यात (प्री-स्टार्टर) त्याहून कमी असतात. शिवाय पोत्यावर सॅलिनोमायसिन लिहिलंय का बघाच. रक्ती हगवणीवरचं ते औषध कोंबडीला चालतं, टर्कीला विषारी आहे.

ही पिल्लं आपणहून खायला लवकर शिकत नाहीत, काही तर भरल्या भांड्याशेजारी उपाशी मरतात. आम्ही पाण्यात रंगीत गोट्या टाकतो. चमक बघून चोच मारतात आणि पाणी तोंडाला लागतं. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून द्या.

माळावरचा_शेतकरी
ताई, दादा, मनापासून आभार. पेंड रद्द, आणि टर्कीला ओढ्यापलीकडचा तुकडा देतो. मग बचत करायची कुठे?

पंखवाला
हिरव्या चाऱ्यात. आठ आठवड्यांनंतर टर्की गवतावर तुटून पडते. मोठ्या पक्ष्याच्या आहारात निम्म्यापर्यंत हिरवं चालतं. लसूणघास, शेवग्याचा पाला, कोबीची पानं बारीक चिरून द्या. ताडपत्री अंथरून, पाणी भरून अझोलाचा (पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती) वाफा करा. एका एकरात २०० मोठे पक्षी चरतात, तुमचा तुकडा त्याहून लहान असला तरी ५० ला पुरेल. सकाळी चरायला सोडा, धान्य संध्याकाळी द्या, म्हणजे त्या ओढीने आपणहून खुराड्यात येतात. शिंपल्यांचा चुरा कायम समोर ठेवा.

अंगणातली_ताई
नाताळात विकायच्या असतील तर पिल्लं मे-जूनमध्ये आणा, भरायला सहा महिने लागतात. गोव्या-पुण्यातल्या हॉटेलवाल्यांशी बोलणी मात्र पिल्लं आणायच्या आधी करा. तयार टर्की दारात नुसती उभी राहिली, तरी रोजचं खाणं खातेच.