एसआरटी ५३ किमी पहिल्यांदाच, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरमधल्या सिंहगड-राजगड-तोरणा (एसआरटी) अल्ट्राच्या, म्हणजे मॅरेथॉनहून लांब डोंगरी शर्यतीच्या, ५३ किमीला नाव दिलंय. रोडवर हाफ मॅरेथॉन पळालोय, सिंहगड दर रविवारी असतोच, पण एवढं लांब डोंगरात कधीच नाही. चढाचं टेन्शन नाही हो, उतारच मारतो, घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीवर) पाय टिकत नाही आणि शेवटी गुडघे बोंबलतात. ट्रेल शूज अर्धा नंबर मोठे घ्यावेत का? उतरताना अंगठ्याची नखं पार काळीनिळी होतात माझी. राजगड-तोरणा धारेवर ऊन आणि वाळलेलं गवत, पाणी जवळपास नाहीच, तर तिथे दोन लिटर पुरेल का जास्त उचलू? एनर्जी जेल मला अजिबात पचत नाहीत, चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा असं खाऊन कुणी पळालंय का? तोरण्याच्या बुधला माचीच्या अलीकडे रडतोंडी बुरुजाच्या शिडीपाशी पोचेपर्यंत पायात गोळे आले तर काय करायचं ते पण सांगा (नावच काय ठेवलंय बघा 😅). ट्रेकिंग पोल्स (हातातल्या काठ्या) भाड्याने मिळतात का पुण्यात? कटऑफच्या (ठरवून दिलेल्या वेळेच्या) आत पोचलो तरी खूप झालं, टायमिंगचं काही नाही. ज्यांनी केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.