आठ जागा, नववा नंबर

नोकरीत, निवडीत मिळालेले नकारच पुढे चांगल्या वाटेवर नेतात, म्हणून त्यांचे आभार मानावेत असं म्हणतात. ते पटतंय, पण थोडी पुस्ती जोडतो. आभार सुचतात ते दहा वर्षांनी. त्या दिवशी नुसता पोटात खड्डा पडतो.

अब्दुल कलामांचंच बघा. १९५८ साली वैमानिक व्हायचं म्हणून ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी गेले. उमेदवार २५, जागा ८ आणि यांचा नंबर नववा! एका जागेनं हुकलं. मग दिल्लीत संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले. पुढचं अग्निबाणांचं, क्षेपणास्त्रांचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी कुणी त्यांना 'होतं ते बऱ्यासाठीच' असं ऐकवलं असतं तर? त्यांच्या जागी मी असतो तर उठून निघून गेलो असतो.

माझं म्हणाल तर लेखी परीक्षा, दोन मुलाखती आणि शेवटी दोन ओळींचा ईमेल. त्यात माझं आडनावही चुकलेलं. महिनाभर तो रोज उघडून बघायचो, जणू मजकूर बदलणार होता. रिकामा बसलो होतो म्हणून एका मित्रानं भाषांतराचं काम गळ्यात मारलं, तेही तात्पुरतं. आज चौदा वर्षं तेच करतोय आणि सकाळी कामाला बसायचा कंटाळा येत नाही. आता याचं श्रेय नकाराला द्यायचं की मित्राला? मी तरी मित्रालाच देतो. नकारानं फक्त वेळ मोकळा करून दिला.

आडनाव मात्र नीट लिहायला हवं होतं त्यांनी.